छोट्या डब्यातला भात

मावशींना कुणी नावाने हाक मारल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेल्या बाईला नाव हवंय कशाला? "मावशी, निळी तीन!" "मावशी, पिवळी अकरा!" अशा आरोळ्या खिडकीतून यायच्या आणि मावशी ताटं भरायच्या. पिवळं कार्ड साखरवाल्यांचं, तांबडं हृदयवाल्यांचं, निळं मूत्रपिंडवाल्यांचं. कार्डावर खाटेचा नंबर असायचा, माणूस नसायचा. निळ्या कार्डाचा खटाटोप सगळ्यात मोठा. भाजी बारीक चिरा, दोन तास पाण्यात ठेवा, ते पाणी ओतून टाका, मग उकळा, तेही पाणी ओतून टाका. भाजीतलं पोटॅशियम निघून जायला हवं, नाहीतर ते रक्तात साचतं आणि बसल्या जागी हृदय बंद पडतं. भाजीचं नंतर जे काय उरतं ते गाढवानेही हुंगून सोडावं असं. ताटं परत यायची तेव्हा निम्मी तशीच असायची. मावशी कुणाला दोष देत नसत. "मी तरी खाल्लं असतं का?" म्हणायच्या. तीस वर्षं रांधलं आणि एकदाही कुणी 'वा' म्हटलं नाही. अहो, भांडी घासणारीलासुद्धा वर्षातून एकदा कुणी बरं बोलतं!

मग बोटांनी दगा दिला. सांधे सुजले, सकाळी सुरी धरवेना. गोळ्या घेतल्या तर पोटात आग. अशात मागच्या गल्लीतल्या व्यायामशाळेच्या दारावर मावशींनी एक कागद वाचला. पॅलिओ आहार, दर रविवारी दुपारी, सर्वांनी एकत्र जेवायचं. व्यायामशाळेचा मालक म्हणजे उस्ताद. मानेपेक्षा दंड जाड, पण बोलायला मऊ. त्याने समजावून सांगितलं, "मावशी, माणूस शेती करायच्या आधी जे खात होता ते आपण खायचं. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, बिया. धान्य नाही, डाळ नाही, दूध नाही, साखर नाही."

"मग राहिलं काय? पालापाचोळा?" मावशी म्हणाल्या. पण गेल्या. बोटं वाकेनात तेव्हा माणूस पालापाचोळाही खातो.

दोन महिन्यांत सूज उतरली. आहाराने उतरली की आणखी कशाने ते डॉक्टर जाणे. मावशींनी मात्र पक्कं धरलं. घरी काय झालं ते विचारू नका. घर दोन खोल्यांचं, मुलगा छापखान्यात, सून शिकवण्या घ्यायची. सून वाईट नव्हती, पण जिभेला हाड नव्हतं. "आई, आज शिकार कुठवर आली?" असं रोज विचारायची, आणि मुलगा ताटात तोंड घालून खुदकन हसायचा. मावशी आपलं ताट घेऊन ओट्याजवळच्या स्टुलावर बसू लागल्या. एकाच घरात दोन चुली झाल्या की जेवण होतं, पण गोष्टी होत नाहीत. आठवड्याचे सहा दिवस मावशी गप्प जेवायच्या आणि सातव्या दिवसाची वाट बघायच्या.

रविवारी बारा वाजता व्यायामशाळा बंद व्हायची. वजनं भिंतीकडे सरकवायची, दोन लांब टेबलं जोडायची, आणि दहा-बारा माणसं आपापले डबे मधोमध ठेवून बसायची. घामाचा वास असायचा, रबराचा वास असायचा, आणि त्यावर मावशींच्या भांड्यांचा वास चढायचा. कारण मावशी सुटल्या होत्या! तीस वर्षं बांधून ठेवलेला हात मोकळा झाला होता. फ्लॉवर किसून त्याचा भातासारखा मोकळा ढीग. दुधी सोलून त्याच्या लांब पट्ट्या, वर खिमा. भोपळ्याच्या पोटात अंडी. हाडं सहा तास उकळून केलेलं सूप, त्यात टोमॅटो, पालक आणि रताळं. पहिल्यांदा ते सूप ठेवलं तेव्हा समोर बसलेल्या शिवणवालीने वाडगा बोटाने पुसून चाटला आणि म्हणाली, "मावशी, हे कसं केलंत ते लिहून द्या." मावशी भांडी धुवायला म्हणून नळावर गेल्या आणि तिथे चांगली पाच मिनिटं रडल्या.

त्या टेबलाचा एक नियम होता. पहिला घास आपल्या उजवीकडे बसलेल्याच्या ताटातला खायचा. उस्तादनेच काढलेला. कुणी चोरून पाव आणला, साखर घातली, तर शेजाऱ्याच्या जिभेला कळावं. पण हळूहळू त्याची गंमत झाली. "काय मिळवलंस रे आज?" म्हणत लोक एकमेकांच्या ताटात चमचा घालायचे, आणि घरी ज्याच्या ताटाकडे वर्षानुवर्षं कुणी बघितलं नव्हतं त्यालाही बरं वाटायचं.

आता घड्याळवाले काका. काका पॅलिओ करायला आलेच नव्हते. व्यायामशाळेतलं भिंतीवरचं घड्याळ मागे पडत होतं, ते दुरुस्त करायला रविवारी आले. शिडीवरून उतरले तर खाली पान वाढलेलं. "बसा काका," उस्ताद म्हणाला. काका बसले ते उठलेच नाहीत म्हणा ना! बायको जाऊन चार वर्षं झाली होती. लेकरू नव्हतं. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, घर म्हणजे जिन्यावरची. रविवार असला की ते इस्त्रीचा सदरा घालून, दाढी करून, साडेअकरालाच दारात हजर. टेबलाभोवतीच्या सगळ्यांची घड्याळं त्यांनी फुकट दुरुस्त करून दिली होती. एका बाईचं बंद पडलेलं घड्याळ तर त्यांनी तिला न सांगता पळवून नेलं आणि चालू करून तिच्या पर्समध्ये परत ठेवलं.

मावशींना कळलं ते असं. एका रविवारी काका भांडी विसळायला लागले आणि त्यांनी बाही वर सरकवली. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला शीर फुगून दोरीसारखी वळलेली, वर सुयांच्या खुणा. डायलिसिस करणाऱ्यांची शीर धमनीला जोडून तशी फुगवतात. मावशींनी इस्पितळात असे हात शेकड्यांनी पाहिले होते. हातातला वाडगा त्यांनी खाली ठेवला.

"काका, किती दिवस झाले?"

काकांनी बाही खाली ओढली. मग म्हणाले, "दीड वर्ष. मंगळवारी आणि शुक्रवारी. तुमच्याच इस्पितळात."

"म्हणजे तिथे निळ्या कार्डाचं ताट येतं ते तुम्ही खाता?"

"ते तुमच्या हातचं असतं?" काका दचकले. "देवा! मग सांगितलंत कशाला हो? मला वाटत होतं, एखादा जेलर रांधतो."

मावशी हसल्या, आणि मग मनातल्या मनात मोजायला लागल्या. हाडांचं सूप, टोमॅटो, पालक, रताळं, केळी, बदाम. या टेबलावर जे जे अमृत म्हणून यायचं ते ते काकांना विष होतं, आणि आजवर निभावलं ते नशीबच. आणि जे विष म्हणून सगळ्यांनी सोडलं होतं, तो पांढरा भात, तोच काकांना चालणारा. उफराटा कारभार, दुसरं काय! आणि उस्तादला सांगायची सोय नव्हती. वर्षापूर्वी एक साखरवाला टेबलावरच बेशुद्ध पडला होता, त्याच्या भावाने येऊन व्यायामशाळेत धिंगाणा घातला होता. तेव्हापासून उस्ताद प्रत्येकाकडून फॉर्म भरून घ्यायचा. मूत्रपिंड, हृदय, साखरेची इंजेक्शनं, यातलं काही असेल तर या टेबलावर जागा नाही. काकांनी तिन्ही ठिकाणी 'नाही' लिहिलं होतं. उस्तादचं तरी काय चुकलं?

"मावशी," काकांनी ओले हात जोडले, "आठवड्यातून दोन दिवस मी यंत्राला बांधलेला असतो. उरलेले दिवस भिंतींशी बोलतो. हा एक रविवार राहू द्या. तुम्ही सांगितलंत तर मला उद्या इथून उठवतील. शपथ घ्या."

मावशींनी शपथ घेतली. आणि शपथ घेतल्यावर हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

पुढच्या रविवारपासून मावशींच्या पिशवीत एक छोटा डबा येऊ लागला. तांदळाची कणी शिजवून, पाणी पूर्ण निथळून, हाताने मोकळी केली की ती किसलेल्या फ्लॉवरसारखी दिसते. अगदी तशीच! शेजारी दोनदा पाणी ओतून टाकलेली भाजी, वर मांसाचा एवढासा तुकडा. वाढायचं काम मावशींनी स्वतःकडे घेतलं होतं, त्यामुळे काकांच्या ताटात छोटा डबाच जायचा. सूपाचा वाडगा त्यांच्यापुढे यायचा, पण घोटभर घेऊन काका तो मावशींकडे सरकवायचे. आणि पहिला घास? तो खाणारीही मावशीच, कारण काकांच्या डावीकडच्या खुर्चीवर त्या दुसऱ्या कुणाला बसू देत नसत. दर रविवारी मावशी काकांच्या ताटातला चमचाभर भात तोंडात घालायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "वा, फ्लॉवर छान झालाय!" झाकली मूठ सव्वा लाखाची. सात महिने हे चाललं. काकांचे रक्ताचे आकडे बिघडले नाहीत, मावशींची बोटं बिघडली नाहीत, आणि काकांचे गाल जरा भरल्यासारखे दिसू लागले.

मग एका रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या दोघी आल्याच नाहीत. मावशींना ताटं सोडून निघता येईना. शिवणवाली इस्पितळावरून जायची, तिच्याकडे मावशींनी फाटकात पिशवी दिली. "मी पोचतेच. नाहीच पोचले तर छोटा डबा काकांना वाढ, त्यांना तिखट सोसत नाही म्हणून वेगळा केलाय."

मावशी धावत पोचल्या तेव्हा सव्वाबारा झाले होते. त्या दारात आल्या आणि सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. शिवणवाली मावशींच्या खुर्चीवर बसली होती. रिकामी दिसली, बसली. नियमाप्रमाणे तिने काकांच्या ताटातला पहिला घास घेतला होता, आणि आता चमचा हातात धरून ती मावशींकडे बघत होती.

"हा भात आहे," ती म्हणाली. तिने दोन वर्षं भाताला हात लावला नव्हता. "मावशी, हा भात आहे!"

उस्तादने ताट ओढलं, दोन दाणे बोटांत चिरडले, चाखले. "काका, तुम्हाला हे माहीत होतं?"

काकांनी मावशींकडे पाहिलं. तोंडाचं पाणी पळालेला चेहरा. माणूस असा बघायला लागला की काय करणार? मावशींनी एका दमात सांगून टाकलं, "त्यांना कुठलं माहीत असणार? फ्लॉवर कमी पडला, मी भात मिसळला. म्हाताऱ्याच्या जिभेला काय कळतंय म्हटलं."

झालं! शिवणवाली उसळलीच. "आणि आम्हाला काय काय घातलंत? मागच्या महिन्यात माझी साखर वाढली ती उगीच? ज्यांच्यावर विश्वास ठेवला त्यांनीच गळा कापावा?" कुणी म्हणालं, सूपातही पीठ असेल. कुणी म्हणालं, इस्पितळातलं उरलेलं आणत असतील. मावशींच्या कानशिलांत आग झाली. उरलेलं? सहा-सहा तास हाडं उकळली ती उरलेली? पण तोंड उघडलं असतं तर खरं बाहेर पडलं असतं, म्हणून त्या ओठ दाबून उभ्या राहिल्या. काका खाली मान घालून बसले होते.

"मावशी, पुढच्या रविवारपासून येऊ नका," उस्ताद म्हणाला. रागाने नाही, वाईट वाटून म्हणाला, ते जास्त लागलं. मावशी वळल्या तेव्हा शिवणवाली मागे म्हणत होती, "काका, बिचारे! इतके दिवस फसवलं हो तुम्हाला. आजपासून माझ्या शेजारी बसायचं, मी वाढते तुम्हाला सगळं." आणि वाडग्यात पळी उपडी केल्याचा आवाज आला.

बुधवारी मावशी जिन्याखालच्या दुकानात गेल्या. काकांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि ते रडायला लागले. "तुम्हाला चोर केलं मी. तोंड शिवल्यासारखं झालं हो माझं."

"ते जाऊ द्या. तुम्ही आता तिथे जाऊ नका. मी रोज डबा आणून देईन. इथेच जेवू आपण दोघं."

काकांनी भिंग सदऱ्याला पुसलं. मग म्हणाले, "मावशी, डबा घरीही मिळतो. चार माणसं एकदम बोलायला लागतात ना, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, ते मिळत नाही."

"मग मी उस्तादला सांगते."

"शपथ घेतलीय तुम्ही."

"तुमच्या शपथेला लागली आग! मरायचंय का?"

"मी सांभाळून खाईन," काका म्हणाले. "सूप नको म्हणेन. पालेभाजी नको म्हणेन." मावशींना माहीत होतं की काका कुणाला 'नको' म्हणू शकत नाहीत. फुकट घड्याळं दुरुस्त करणारा माणूस वाढायला आलेल्या हाताला काय 'नको' म्हणणार? तरी त्या बरं म्हणून उठल्या, आणि शनिवारपर्यंत त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. शपथ गेली खड्ड्यात. रविवारी जायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं.

रविवारी त्या गेल्या. साडेबारा झाले होते. दाराआधी व्यायामशाळेची खिडकी लागते, तिथे मावशी थांबल्या. आत सगळे जेवत होते. काका मधोमध बसलेले, इस्त्रीच्या सदऱ्यात, आणि कसलीशी गोष्ट सांगत होते. शिवणवाली हसून हसून टेबलावर डोकं टेकत होती. उस्ताद त्यांच्या पाठीवर थाप मारत होता. टेबलावर नवीन कुणीतरी केलेला किसलेला फ्लॉवर होता, सूपाचं पातेलं होतं, सगळं होतं. मावशींची खुर्चीसुद्धा भरलेली होती. मावशी मिनिटभर, दोन मिनिटं तिथे उभ्या राहिल्या. मग परतल्या. घरी जाऊन त्यांनी सुनेला सांगितलं की डोकं दुखतंय, आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

मंगळवारी डायलिसिसची निळी कार्डं आली ती सहा. दर मंगळवारी सात यायची. मावशींनी दोनदा मोजली. मग पदराला हात पुसत त्या स्वतः वर गेल्या. तीस वर्षांत ताटाच्या मागोमाग त्या पहिल्यांदाच वर गेल्या असतील. तिथल्या नर्सने सांगितलं, घड्याळवाले काल पहाटे गेले. शेजाऱ्यांनी आणलं, पण दारातच संपले होते. रक्तात पोटॅशियम एवढं की डॉक्टरांनी तपासणी दुसऱ्यांदा करायला लावली. "असं कसं झालं कळत नाही," नर्स म्हणाली. "पथ्याला इतके चोख होते हो. सात महिने एकही आकडा चुकला नव्हता."

मावशी खाली आल्या आणि त्यांनी सहा ताटं भरली.

गुरुवारी दुपारी उस्ताद स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आला. एवढा धिप्पाड गडी, पण खांदे पडलेले. मावशी पायरीवर भाजी निवडत होत्या. तो खालच्या पायरीवर बसला.

"मावशी, काका गेले. झोपेत गेले म्हणतात. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून आलो." मग म्हणाला, "झालं गेलं विसरा. येत्या रविवारी त्यांच्या नावाने सगळे जेवणार आहेत. तुमचं सूप हवंय सगळ्यांना. काका तुमची फार आठवण काढायचे. गेल्या रविवारी शिवणवालीने सूप वाढलं, तर यांनी आपला वाडगा संपवला आणि आणखी एक मागून घेतला. म्हणाले, हा मावशींचा वाटा. त्या नाहीत तर मी संपवतो. आणि सगळा प्याले."

मावशींनी भाजी बाजूला सारली. "तो भात त्यांचाच होता," त्या म्हणाल्या. "त्यांची मूत्रपिंडं गेली होती. दोन वर्षं झाली. तुमच्या टेबलावरचं काहीच त्यांना चालत नव्हतं. मी त्यांच्यापुरतं वेगळं करत होते. जागा जाईल म्हणून त्यांनी मला शपथ घातली होती."

उस्तादला ते उमगायला वेळ लागला. उमगलं तेव्हा त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "आम्ही आग्रह करकरून वाढलं हो त्यांना! मावशी, शपथ होती हे कळतं मला. पण निदान नंतर तरी... एकदा येऊन सांगायचं होतंत. मला एकट्याला बाजूला घेऊन. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"आले होते," मावशी म्हणाल्या.

"कधी?"

"त्याच रविवारी. सांगायचं म्हणूनच आले होते. शपथबिपथ सगळं सोडून आले होते. खिडकीपर्यंत आले. सूपाचं पातेलं दिसलं मला. त्यांच्यापुढचा वाडगाही दिसला."

"मग?"

मावशींनी वर पाहिलं. डोळे कोरडे होते. "तुम्ही सगळे हसत होता," त्या म्हणाल्या. "माझ्यावाचून तुमचं कुणाचंच काही अडलं नव्हतं. राग आला मला."